शेततळ्याचा कागद आणि ऊन: टाकायचा कधी, चरात दाबायचा कधी, उन्हाळ्यात सांभाळायचा कसा

शेततळ्याचा कागद, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायचं प्लास्टिक, घ्यायचा म्हटलं की सगळी चर्चा मायक्रॉनवर (म्हणजे जाडीवर) आणि रेटवर होते. ३०० घेऊ का ५००, वॉरंटी किती वर्षाची, चौरस मीटरला किती लावताय, बस. पण कागद अंथरायचा दिवसाच्या कुठल्या टायमाला, जॉइंट मारताना तो किती तापलेला होता आणि मे महिन्यात तळं कोरडं पडल्यावर त्याचं काय होतंय हे कोणी विचारत नाही. आपल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि तिकडं माण-खटाव भागात तर हाच प्रश्न पहिला विचारायला पाहिजे, कारण कागद काळा, ऊन कडक आणि तळं नेमकं उन्हाळ्यातच रिकामं. मी जेवढी फाटलेली तळी बघितली त्यात चांगल्या कंपनीचा ५०० मायक्रॉनचा कागद पण होता, त्यामुळं नुसत्या जाडीवर विसंबून राहू नका एवढं मनापासून सांगतो.

सगळ्यात आधी हवेचं तापमान आणि कागदाचं तापमान यातला फरक डोक्यात पक्का बसवा. मोबाईलवर ४० दाखवत असलं तरी दुपारी दोन वाजता उतारावरचा काळा कागद ६५-७० अंशाच्या घरात असतो, वारा पडलेला असला तर त्याच्या पण वर. हात टेकवून ठेवता येत नाही. आणि प्लास्टिकला हवेच्या आकड्याशी काही देणंघेणं नाही, त्याचं स्वतःचं अंग किती तापलंय त्यावर सगळं ठरतं. म्हणून लांबून तापमान मोजायची गन मिळते ती घ्या किंवा कागद टाकणाऱ्या पार्टीला आणायला सांगा. कोरोनाच्या काळात कपाळावर धरायची जी गन सगळीकडं आली ती इथं चालत नाही बरं का, ती ४२-४३ अंशापर्यंतच दाखवते, आपल्याला २००-३०० अंशापर्यंत दाखवणारी कारखान्यात वापरतात ती पाहिजे. काळ्या कागदावर तिचं रीडिंग बऱ्यापैकी बरोबर येतं.

उन्हानं कागदाचं नेमकं काय होतंय

तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्या एकातच मिसळतात.

पहिली म्हणजे कागद तेवढ्यापुरता मऊ पडतो. कागदाच्या पत्रकावर ताकदीचा जो आकडा छापलेला असतो तो लॅबमध्ये साधारण २३ अंशाला काढलेला असतो. तोच एचडीपीई (आपला कागद ज्या प्लास्टिकचा असतो ते) ६० अंशाला गेला की ताणाला टिकायची ताकद जवळपास निम्मी होते. ज्यांनी एचडीपीई पाइपलाइन केलीय त्यांना हे माहीत असेल, २० अंशाला पाइप जेवढा दाब घेतो त्याच्या ३० अंशाला ८७ टक्के आणि ४० अंशाला ७४ टक्केच धरायचा असा नियम आहे. प्लास्टिक तेच, फक्त पाइपच्या जागी कागद. गंमत अशी की तापलेला कागद तुटायच्या आधी जास्त लांबतो, म्हणून हातानं ओढून बघणाऱ्याला वाटतं लय भारी आहे, रबरासारखा ताणतोय. ते ताणणं म्हणजे ताकद नव्हे, तो पातळ होत चाललेला असतो. खाली मुरमातला टोकदार खडा राहिला असेल तर याच वेळी तो आत घुसतो. कागद गार झाला की ही ताकद परत येते, पण पडलेला खड्डा आणि पातळ झालेली जागा तशीच राहते.

दुसरी गोष्ट, कागद वाढतो आणि आकसतो. एचडीपीई दहा मीटर लांबीला दर दहा अंशामागं साधारण दीड ते दोन सेंटीमीटर वाढतो. ऐकायला काही वाटत नाही. आता आपलं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं घ्या, उतार एकास दीड (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवा), तर एका काठापासून तळावरून दुसऱ्या काठापर्यंत कागद जवळपास ३२ मीटर लागतो, काठावरच्या चरात कड गाडायला लागतो तो वेगळा. डिसेंबरात पहाटे कागद १५ अंशावर आणि दुपारी ६० वर गेला म्हणजे ४५ अंशाचा फरक, त्यात तो कागद वीतभरापासून जवळजवळ फूटभरापर्यंत वाढतो आणि रात्री परत तेवढाच आकसतो. रोज. हा वाढलेला कागद कुठं तरी जाणार म्हणून दुपारी तळ्यात लाटा आल्यासारख्या सुरकुत्या दिसतात, आणि पहाटे तोच कागद तळाच्या कोपऱ्यात जमीन सोडून हलगीच्या कातड्यासारखा ताठ झालेला असतो. तो ताठ झालेला कोपरा म्हणजे पुढचं फाटणं.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, कारण ती परत भरून येत नाही. कागदात कंपनीनं कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) घातलेला असतो, चांगल्या मालात २ ते ३ टक्के, तो उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो. त्याशिवाय हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवायला अँटिऑक्सिडंट घातलेले असतात. उष्णतेत हे अँटिऑक्सिडंट झपाट्यानं संपत जातात, आणि संपले की प्लास्टिकची साखळी तुटायला लागते, कागद आधी कडक आणि मग ठिसूळ होतो. यावरचा बराचसा अभ्यास कचरा डेपोच्या कागदावर झालाय. आपल्याकडं पण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत डेपोच्या तळाला ९० सेंटीमीटर चिकणमाती आणि त्यावर दीड मिलिमीटरचा एचडीपीई कागद सांगितला होता, आणि कचरा कुजताना आतून उष्णता सोडतो, तळाशी ३०-४० अंश तर सहज असतात. अमेरिकेतल्या जिओसिंथेटिक इन्स्टिट्यूटनं अशा गाडलेल्या दीड मिलिमीटर कागदाची ताकद निम्मी व्हायला किती काळ लागेल याचा अंदाज काढलाय: २० अंशाला साडेचारशे वर्षाच्या आसपास, ३० अंशाला १६५ च्या आसपास आणि ४० अंशाला ७० च्या आत. आता ही वर्षं आपल्या शेततळ्याला लावू नका, आपला कागद त्याच्या एक तृतीयांश जाड आणि वर उघडा. पण त्यातलं गुणोत्तर बघा, दर दहा अंशाला आयुष्य अडीच पटीनं कमी. म्हणजे कागद ७० ऐवजी ४० वर ठेवता आला तर केवढा फरक पडतो ते तुम्हीच बघा.

कागद येण्याआधी आणि आल्यावर

तळं खोदून झालं की पोकलेनवाला गेल्यावर लगेच कागद टाकायची घाई करू नका. माणदेशातला मुरूम खडेदार, त्यात धारेचे दगड असतात. तळ आणि उतार पाणी मारून दाबून घ्या, खडे वेचा, वर चाळलेली माती किंवा काळ्या मातीचा थर द्या. जमलं तर खाली जिओटेक्स्टाइलचं कापड टाका. तळं भरल्यावर तीन मीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरवर तीन टन वजन, एक खडा राहिला तरी ते वजन त्याच्यावरच येतं.

रोल आला की सावलीत ठेवायचा, पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याला लागून नाही. झाड असेल तर झाडाखाली, नाहीतर पांढरं कापड किंवा उसाचं पाचट वर टाका. रोलबरोबर जे पत्रक येतं त्यावर आयएस (भारतीय मानक) नंबर बघा, विणलेल्या लॅमिनेटेड कागदाला आयएस १५३५१ आणि साध्या, न विणलेल्या एचडीपीई कागदाला (जिओमेम्ब्रेन) आयएस १६३५२. विणलेला कागद असेल तर एक लक्षात ठेवा, त्याची ताकद आतल्या ओढून ताणलेल्या पट्ट्यांमधून येते, आणि जॉइंट मारताना जास्त तापवला की त्या पट्ट्या सैल पडून ताकद जाते. वरून दिसायला जॉइंट झकास दिसतो.

अंथरायचं आणि जॉइंट मारायचं

जॉइंटच्या मशीनचा गरम वेज (धातूची तापलेली पाचर) दोन कागदांच्या मधून जातो, पृष्ठभाग वितळवतो आणि मागचे रोलर दाबून चिकटवतात. एचडीपीई वितळतो १३० अंशाच्या आसपास. आता सकाळी कागद २५ वर असताना त्याला १०५ अंश वर न्यायचाय, आणि दुपारी तो आधीच ६५ वर असताना फक्त ६५ अंश. वेजचं तापमान आणि मशीनचा स्पीड सकाळचाच ठेवला तर दुपारी कागद गरजेपेक्षा जास्त वितळणार, जॉइंटच्या कडेला पातळ होणार आणि तिथले अँटिऑक्सिडंट जळणार. नंतर चिरा जातात त्या जॉइंटच्या आतून क्वचित, त्याला लागून असलेल्या या पातळ पट्ट्यातून जातात. कागद जॉइंटला फाटला असं आपण म्हणतो तेव्हा नीट वाकून बघा, जॉइंट शाबूत असतो आणि त्याच्या शेजारून सरळ रेषेत चीर गेलेली असते.

म्हणून टाइम ठरवून घ्या. थंडीत पहाटे कागदावर दव असतं, ओल राहिली तर जॉइंटमध्ये वाफेचे फुगे येतात, तेव्हा दव वाळू द्या, कापडानं पुसून घ्या आणि मग साधारण अकरापर्यंत काम, परत चारनंतर अंधार पडेपर्यंत. मे महिन्यात टाकायचाच असेल (बऱ्याच जणांना पावसाच्या आधी उरकायचं असतं, मान्य आहे) तर उजाडल्या उजाडल्या सुरू करा, दहाला थांबा. हवेचं तापमान ४० च्या वर गेलं की जॉइंट बंद, ही अट मोठ्या कामांच्या टेंडरमध्ये पण असते, आपण का सोडायची. ऑपरेटर म्हणणार, "दादा, दुसरी साइट आहे, आज संपवून जातो." त्याचं पण पोट आहे, पण तळं तुमचं आहे. त्याची दुपारची जेवणाची आणि झोपेची सोय करा, संध्याकाळी दिवा लावून द्या, पण दुपारी दोनला मशीन चालू देऊ नका.

दर वेळी काम सुरू करताना, म्हणजे सकाळी एकदा आणि मधल्या सुट्टीनंतर परत एकदा, उरलेल्या तुकड्यावर मीटरभर ट्रायल जॉइंट मारून घ्या. गार होऊ द्या, पाच-सात मिनिटं, गरम जॉइंट ओढून बघण्यात अर्थ नाही. मग त्यातून इंचभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि दोन पकडींनी दोन बाजूंनी सोलल्यासारखं ओढा. कागद फाटला पाहिजे आणि जॉइंट तसाच राहिला पाहिजे. जॉइंट केळीच्या सालीसारखा उलगडत गेला तर सेटिंग बदलून परत ट्रायल. जॉइंटच्या दोन्ही कडांना वितळलेल्या प्लास्टिकची बारीक एकसारखी कड दिसायला पाहिजे, ती जाड गोळ्यांसारखी बाहेर आली असेल तर कागद जास्त तापलाय.

मशीन दुहेरी जॉइंट मारणारं असेल तर मधल्या पोकळीत हवा भरून टेस्ट करता येते. दीड मिलिमीटरच्या कागदाला साधारण ३० पीएसआय दाब देऊन पाच मिनिटं काटा बघतात, आपल्या पातळ कागदाला दाब त्याहून कमी ठेवायचा. इथं पण ऊन फसवतं. ऊन चढत असताना टेस्ट केली की आतली हवा तापून दाब वाढतो आणि बारीक गळती झाकली जाते, उलट मध्येच ढग आला तर चांगल्या जॉइंटचा काटा पण खाली येतो. त्यामुळं ही टेस्ट सकाळी गारव्यात नाहीतर सूर्य कलल्यावर, आणि टेस्ट झाली की दुसऱ्या टोकाला टाचणी मारून हवा बाहेर येते का बघा, नाही आली तर मध्ये पोकळी बंद पडलीय आणि पुढच्या भागाची टेस्ट झालेलीच नाही. टाचणीचं भोक बुजवायला विसरू नका.

चर बुजवायचा टाइम

काम चांगलं झालेली तळी सगळ्यात जास्त इथं बिघडतात, कारण कागद लागला की सगळ्यांना घरी जायचं असतं. दुपारी कागद तापून पसरलेला असतो, सुरकुत्या दिसतात, मग चार माणसं चारी बाजूंनी ओढून त्या काढतात, कागद आरशासारखा सपाट होतो, मालक खूश, आणि लगेच काठावरच्या चरात माती भरून टाकतात. रात्री तो वीतभर आकसायला बघतो, पण दोन्ही बाजूंनी पकडलेला. मग तळाच्या कोपऱ्यात जमीन सोडून वर उचलला जातो, जॉइंटवर ताण येतो, आणि पाणी भरलं की त्या अधांतरी कोपऱ्यावर तीन टनाचं वजन येऊन पडतं.

बरोबर पद्धत अशी. दिवसा कागद चरात नुसता सोडून ठेवा, वर वाळूच्या किंवा चाळलेल्या मातीच्या पिशव्या ठेवा म्हणजे वाऱ्यानं उडणार नाही, वळवाच्या वाऱ्यात उघडा कागद पतंगासारखा जातो. दगड ठेवू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे, कागद सगळ्यात गार असताना, तळाच्या चारी कडांनी चालून बघा. प्रत्येक कोपऱ्यात कागद जमिनीला टेकलेला पाहिजे, पायानं दाबला तर खाली पोकळ लागायला नको. लागला तर काठावरून थोडा आत सोडा. पहाटे टेकलेला असेल तर दुपारी तो सैल होईल, सुरकुत्या येतील, येऊ द्या, त्यानं काही बिघडत नाही. मग त्याच सकाळी ऊन चढायच्या आत चर बुजवा, माती थराथरानं दाबून.

पहिलं पाणी पण असंच सकाळी सोडा. टेंभू किंवा म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन आपल्या टाइमाला येत नाही हे खरं आहे, पण तळात पहिलं फूट-दीड फूट पाणी विहिरीचं, बोअरचं, कसंही करून पहाटे घाला. त्यानं तळातला कागद जागेवर बसतो, सुरकुत्या कमी असतानाच. दुपारी भरलं तर सुरकुत्या पाण्याखाली दुमडून कायमच्या घड्या होतात आणि घडीच्या टोकाला कागद सारखा वाकलेला राहतो. पाइपचं पाणी जिथं पडतं तिथं कागदाचा एक जादा तुकडा टाका.

उन्हाळ्यात

तळं पूर्ण रिकामं करू नका. द्राक्षाला, डाळिंबाला शेवटचं पाणी द्यायचं असतं तेव्हा जीव तुटतो, मला कळतं, पण तळात फूटभर पाणी राहिलं तर तळाचा कागद पाण्याच्या तापमानावर राहतो, ७० वर जात नाही, आणि वाऱ्यानं पण उचलला जात नाही. उतारावरचा उघडा भाग मात्र तापणारच. कुठलंही सात-आठ वर्षं जुनं तळं बघा, नेहमीच्या पाण्याच्या रेषेच्या वरचा पट्टा राखट, निस्तेज झालेला असतो आणि खालचा अजून काळा चकचकीत. पहिली चीर त्या वरच्या पट्ट्यातच जाते, त्यातून दक्षिणेला आणि पश्चिमेला तोंड असलेल्या उतारावर आधी. तिथं शेडनेट टाकता आलं तर टाका, काठापासून मीटरभर खाली सोडलं तरी उपयोग होतो. नवीन तळं करत असाल आणि बजेट असेल तर वरून पांढरा असलेला कागद मिळतो का विचारा, तो काळ्यापेक्षा बराच गार राहतो, सुरकुत्या पण कमी.

फवारणीचा पंप तळ्यात किंवा तळ्याच्या काठावर धुऊ नका. पाण्याची सुरक्षितता तर आहेच, पण स्टिकर, स्प्रेडर, साबण यानं ताणाखाली असलेल्या एचडीपीईला चिरा जायचा वेग वाढतो. कागदाची चिरा जायची टेस्टच लॅबमध्ये ५० अंश गरम साबणासारख्या पाण्यात बुडवून घेतात, कारण कागदाला त्रास द्यायला ऊन, ताण आणि साबण हे त्रिकूट पुरेसं आहे. आपल्या काठावर मे महिन्यात हे तिन्ही आयतं मिळतं.

आणि कागदाशी संबंध नसला तरी सांगतो, ओल्या कागदावर पाय अजिबात ठरत नाही, पोहता येणारा माणूस पण बाहेर येऊ शकत नाही. चारी बाजूंना गाठी मारलेली जाड दोरी पाण्यापर्यंत सोडून ठेवा आणि तारेचं कुंपण करा.

कागद संपत आलाय हे ओळखायचं कसं

टाकताना त्याच रोलचा दोन-तीन फुटी तुकडा चरात मातीखाली गाडून ठेवा, जागेची खूण करून. तिथं ऊन नाही, त्यामुळं तो बऱ्यापैकी नव्यासारखा राहतो. काही वर्षांनी पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागातून, काठाजवळ, बोटभर पट्टी कापा आणि ती गाडलेल्या तुकड्याच्या पट्टीशेजारी ठेवून दोन्ही एकाच जागी दुमडून नखानं दाबा, मग उलट्या बाजूला दुमडा. गाडलेली पट्टी पांढरट रेघ दाखवेल पण तुटणार नाही. वरची पट्टी घडीवर चिरली, किंवा ओढल्यावर न लांबता कट्कन तुटली तर त्या पट्ट्याचे अँटिऑक्सिडंट संपलेत, तिथं ठिगळ पण नीट धरणार नाही. अशा वेळी वरचा पूर्ण पट्टा कापून नवीन कागद खालच्या चांगल्या कागदाला जोडणं परवडतं, अख्खं तळं बदलायची गरज पडत नाही.

छोट्या भोकाला ठिगळ मारताना कागद सुकवून, स्पिरिटनं पुसून घ्या, ठिगळाचे कोपरे गोल कापा आणि भोकाच्या चारी बाजूंनी निदान १५ सेंटीमीटर जास्त ठेवा. गरम हवेच्या गननं तापवत लगेच हातरोलर फिरवायचा, मधून सुरू करून कडेकडं, म्हणजे हवा अडकत नाही. फेव्हिक्विक, टायरचं सोल्यूशन यातलं काही एचडीपीईला टिकून धरत नाही, पैसे घालवू नका. आणि हे काम पण सकाळीच, कागद गार असताना, कारण तापलेल्या कागदावर मारलेलं ठिगळ रात्री मूळ कागद आकसला की कडेनं उचकटायला लागतं. ठिगळ मारल्यावर एक रात्र जाऊ द्या, पहाटे कडेवर नख फिरवून बघा, कुठं नख आत गेलं तर तेवढी जागा परत तापवून दाबा आणि मगच पाणी वर चढू द्या.